नव्या प्लेयर्स हँडबुकमधला फायटर: चिलखत सगळे बघतात, विस्डम कोण बघतंय?

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) याचं २०२४ चं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक, घेऊ की नको, असं आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या ग्रुपवर सारखं विचारायलेत, म्हणून एकदाच सगळं लिहितो. पूर्ण पुस्तकाचा रिव्ह्यू नाही हा. ३८४ पानं आहेत, १२ क्लास (फायटर म्हणजे लढवय्या, विझर्ड म्हणजे जादूगार, असे कॅरेक्टरचे प्रकार), प्रत्येकाचे ४ सबक्लास (त्यातले उपप्रकार), विझर्डवाल्यांनी त्यांचं त्यांनी बघावं. मी फायटर खेळतो, ढाल घेऊन पुढे उभा राहणारा, आणि मला एकच बघायचं होतं, या पुस्तकातून असा फायटर बनतो का जो बाकीचे सगळे पडले तरी उभा असतो. बनतो. २०१४ च्या पुस्तकापेक्षा चांगला बनतो. पण पुस्तक ते स्वतःहून सांगत नाही, तुकडे वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये पडलेत ते आपणच गोळा करायचे.

आधी एसी (आर्मर क्लास, वार लागायला समोरच्याला गाठावा लागतो तो आकडा) बघू कारण नवीन पोरं तिथंच अडकतात. चेन मेल (कड्यांचं चिलखत) १६, ढाल २, डिफेन्स फायटिंग स्टाइल (फायटरला मिळणारी लढायची पद्धत) १, झाले १९, ते पण पहिल्या लेव्हलला. वीस बाजूंच्या फाशात अटॅक बोनस मिळवून एसी गाठला की वार लागतो, समोरच्याचा बोनस +५ धरला तर एसी १६ ला तो निम्म्या वेळा लागतो आणि १९ ला फक्त ३५ टक्के. आता यातली खरी गंमत बघा, एसी १६ चा १७ केला तर ५० चे ४५ टक्के होतात, म्हणजे मार दहावा हिस्सा कमी झाला, पण १९ चा २० केला तर ३५ चे ३० होतात, म्हणजे सातवा हिस्सा कमी, आणि पुढे प्लेट (अंगभर पत्र्याचं चिलखत) मिळाल्यावर २१ चा २२ झाला तर २५ चे २०, पाचवा हिस्सा! एसी जितका जास्त तितका पुढचा एक पॉइंट जास्त कामाचा. म्हणून ढाल पण घेऊ आणि टू हँडेड तलवार पण ठेवू, असं अर्धंमुर्धं करण्यात अर्थ नाही, एसी करायचा तर पूर्ण करायचा. (प्लेटला १५०० गोल्ड लागतात, ते लवकर मिळत नाहीत, डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मागे लागू नका.)

पण एसीचा जोर कायम राहत नाही. अ‍ॅडल्ट रेड ड्रॅगनचा अटॅक +१४ आहे, तुमच्या २१ एसीला तो ७० टक्के वेळा लागणार. तिथं एचपीच (किती मार सोसता येतो तो आकडा) वाचवतात. आणि तिसरी गोष्ट सेव्ह (मंत्रासारख्या संकटातून वाचायला टाकायचा फासा), तिच्याकडे कोण बघतच नाही. मी ग्रुपमध्ये हे किल्ल्यावरून समजावतो, बेळगावच्या पोरांना पटकन कळतं. एसी म्हणजे तट आणि खंदक, एचपी म्हणजे आतलं धान्य आणि पाणी, आणि विस्डम (मनाची जागरूकता) सेव्ह म्हणजे किल्लेदाराची निष्ठा. आपल्याकडचे किती किल्ले तट पडून गेले आणि किती आतून दरवाजा उघडून गेले ते आठवा.

होल्ड पर्सन घ्या. दुसऱ्या लेव्हलचं साधं स्पेल (माणसाला थिजवणारा मंत्र), डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १५ धरू. फायटरला स्ट्रेंग्थ (ताकद) आणि कॉन्स्टिट्यूशनच्या (दमाच्या) सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी (सरावाचा जास्तीचा बोनस) असते, विस्डममध्ये नाही, म्हणजे विस्डम १० (बोनस शून्य) असलेला फायटर १५ किंवा वर टाकला तरच सुटतो, ३० टक्के. नाही सुटला तर पॅरालाइझ्ड, हलताच येत नाही. मग त्याच्यावर प्रत्येक अटॅकला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तो ३५ टक्क्यांचा चान्स ५८ वर जातो आणि पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (माराचे फासे दुप्पट). वर टर्न पण वाया, प्रत्येक टर्नच्या शेवटी परत सेव्ह टाकत बसायचं. एवढं जमवलेलं १९ एसी एका सेव्हवर गेलं. याउलट डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह चुकला, फायरबॉल पूर्ण लागला, तर सरासरी २८ एचपी जातात, दुखतं, पण तुम्ही उभे असता आणि पुढच्या टर्नला मारू शकता. सगळे सेव्ह एका लायकीचे नाहीत हे एकदा डोक्यात बसलं की पॉइंट कुठं घालायचे ते आपोआप कळतं. चुकल्यावर फक्त एचपी जातात तो सेव्ह एचपीवर सोडा, चुकल्यावर टर्न जातो तो सेव्ह आधी भक्कम करा.

आणि इथंच पुस्तकावर माझा खरा राग आहे. स्टँडर्ड अ‍ॅरे (ठरलेले सहा आकडे, १५, १४, १३, १२, १०, ८) कसा वाटायचा याचं टेबल दिलंय त्यात फायटरला डेक्स्टेरिटी १४ आणि विस्डम १० सुचवलंय! चेन मेल घातल्यावर डेक्स्टेरिटीचा एसीला काहीच उपयोग नाही. धनुष्यवाल्या फायटरला ते टेबल ठीक आहे, पण नवीन पोरगा टेबल बघून तसंच्या तसं उतरवणार, वर चेन मेल घालणार आणि पहिल्याच मंत्रवाल्या पुजाऱ्यासमोर थिजून उभा राहणार. एक ओळ लिहायला पाहिजे होती तिथं.

माझ्या मते असं करा. स्ट्रेंग्थ १५, विस्डम १४, कॉन्स्टिट्यूशन १३, डेक्स्टेरिटी १२, करिश्मा १०, इंटेलिजन्स ८. बॅकग्राउंड (कॅरेक्टर आधी काय करायचं ते) फार्मर घ्या. होय, शेतकरी. सगळे सोल्जर घेतात, नावावरून फायटरला तेच शोभतंय असं वाटतं, पण फार्मरमध्ये स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन, विस्डम तिन्हीला एक एक वाढवता येतं आणि सोबत टफ हे फीट (खास कौशल्य) मिळतं, म्हणजे प्रत्येक लेव्हलला २ एचपी जास्तीचे. आमचा निपाणीचा एक दोस्त, घरची तंबाखूची शेती, हे ऐकून म्हणाला, "म्हणजे आमचे आप्पा पहिल्या लेव्हललाच टफ की रे!" आता त्याचं कॅरेक्टर ऊस तोडायच्या कोयत्याची गोष्ट सांगतं आणि टेबलावरचा सगळ्यात चिवट गडी तोच आहे. फार्मरचे ३० गोल्ड मिळतात त्यातले १० ढालीला घाला, कारण फायटरच्या चेन मेलवाल्या सेटमध्ये ढाल दिलेली नाही, हे पण बघून ठेवा.

चौथ्या लेव्हलला रेझिलियंट फीट घ्यायचं, विस्डमसाठी. १५ चं १६ होतं आणि सेव्हची प्रोफिशियन्सी मिळते. पाचव्या लेव्हलला हिशोब असा, विस्डम सेव्ह +६, डीसी १५ ला ६० टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट, एचपी ५४, एसी १९. स्ट्रेंग्थ १६ वर राहते, मार थोडा कमी बसतो, मला चालतंय. सहाव्याला हेवी आर्मर मास्टर, ते नवीन पुस्तकात सुधारलंय, आधी सरसकट ३ कमी व्हायचे आणि तेही जादूच्या हत्याराला नाही, आता अटॅकचा ठोकायचा, भोसकायचा, कापायचा मार प्रोफिशियन्सी बोनसएवढा कमी होतो, म्हणजे लेव्हलबरोबर वाढत जातं. कमी एचपीचे दहा गॉब्लिन एकदम अंगावर आले की याची किंमत कळते.

नवीन पुस्तकातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेपन मास्टरी, म्हणजे हत्याराची खास करामत. सेटमध्ये फ्लेल (साखळीला लोंबणारा गोळा) मिळतो, त्याची मास्टरी सॅप. लागला की समोरच्याच्या पुढच्या अटॅकला डिसअ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे दोन फाशांतला लहान घ्यायचा. करा गणित, एसी १९ वर ३५ टक्के होते ते साधारण १२ वर येतात! एवढा बचाव कुठलं चिलखत देत नाही, आणि यात ना फीट लागतं ना पैसे, तुम्ही मारता मारता वाचताय. २०१४ मध्ये असं काही नव्हतं, फायटर आपला नुसता मारायचा आणि खायचा. अर्थात एका अटॅकपुरतं आहे हे, तीन अटॅक करणाऱ्या राक्षसाला एकच बिघडतो.

सेकंड विंड (लढता लढता थोडे एचपी परत मिळवणं) पण वाढलाय, आता सुरुवातीलाच दोनदा वापरता येतो, शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) एक परत मिळतो. नवव्या लेव्हलचं इंडॉमिटेबल (चुकलेला सेव्ह परत टाकणं) आधी नुसता री-रोल होता, कमी बोनसवर परत टाकून परत तेच, आता री-रोलमध्ये फायटर लेव्हल मिळवायची, म्हणजे +९. म्हणून कोण कोण म्हणतंय की रेझिलियंट कशाला, इंडॉमिटेबल आहे की. अरे पण ते नवव्याला, लाँग रेस्टमागे (मोठ्या विश्रांतीमागे) एकदा, आणि आमच्यासारखे ग्रुप नवव्या लेव्हलपर्यंत पोचतात तरी का? परीक्षा आल्या, पावसात खानापूरकडचा गडी अडकला, कोण नोकरीला पुण्याला गेला, कॅम्पेन पाचव्या-सहाव्याला थांबतं. जी लेव्हल खरंच खेळणार त्यासाठी कॅरेक्टर बनवा.

हा फायटर सगळीकडे भक्कम आहे असं नाही. इंटेलिजन्स ८, त्यामुळे माइंड फ्लेयर या राक्षसाच्या माइंड ब्लास्टसमोर तो गेलाच, आणि चेन मेलमुळे लपूनछपून जायचं असलं की स्टेल्थला डिसअ‍ॅडव्हान्टेज. तिथं बाकीच्या पार्टीने सांभाळून घ्यायचं.

पुस्तक म्हणून बोलायचं तर इंग्लिश सोपं आहे, आमच्या टेबलावर मराठी, कन्नड, मधेच कोंकणी असं चाललेलं असतं आणि नियम वाचायला कुणाला अडचण आली नाही. शेवटी रूल्स ग्लॉसरी दिलीय ती फार कामाची, पॅरालाइझ्ड म्हणजे नक्की काय यावर वाद झाला की पान उघडलं, संपलं. अमेरिकेत छापील किंमत ४९.९९ डॉलर, म्हणजे आपल्याकडे कॉलेजच्या पोराला जडच आहे. बेळगावच्या दुकानांत मला तरी दिसलं नाही, ऑनलाइनच मागवावं लागतं. टेबलामागे एक प्रत बस झाली, चौघांनी वर्गणी काढा.

ज्यांना अजून खेळ आवडतो का हेच बघायचंय त्यांनी आधी फुकटातलं एसआरडी ५.२ (मूळ नियमांची फाइल) उतरवून घ्या, फायटर त्यात आहे, चॅम्पियन सबक्लास आहे, डिफेन्स स्टाइल आणि वेपन मास्टरी पण आहे. फक्त फार्मर, टफ आणि रेझिलियंट त्यात नाहीत, त्यामुळे तिथं सोल्जर घेऊन विस्डमला १४ ठेवा आणि फ्लेल सोडू नका.