मंक खूश, पॅलाडिन नाराज: डी अँड डीचे २०१४ चे नियम ठेवावेत की २०२४ चे घ्यावेत?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या २०२४ च्या नियमांबद्दल एकाच टेबलावरच्या दोघांना विचारलं तर दोन उलट उत्तरं मिळतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही खरी असतात. म्हणून कुणाचं मत वाचताना तो माणूस काय खेळतो (मंक, पॅलाडिन, फायटर असा पात्राचा कोणता प्रकार, म्हणजे क्लास) ते आधी पाहावं. नव्या पुस्तकांनी खेळाडूंना पुष्कळ दिलंय. ते सांभाळायचं काम मात्र डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) गळ्यात पडलंय. बदलायचं की नाही, हा प्रश्न पहिल्यांदा त्यालाच विचारायला हवा.

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हाचा राग वेगळा होता. आधीच्या ३.५ आवृत्तीची कॅरेक्टर (खेळाडूंची पात्रं) नव्या नियमांत नेण्याची सोयच नव्हती, आणि २००९ मध्ये पाथफाइंडर या प्रतिस्पर्धी खेळाने जुनाच सांगाडा पुढे चालवला तेव्हा नाराज खेळाडूंचा मोठा गट तिकडे गेला. २०२४ चा बदल त्यापेक्षा ३.० वरून ३.५ वर जाण्यासारखा आहे: खेळ तोच, पण जुनं पुस्तक उघडून खेळायला बसलं की दर अर्ध्या तासाला कुठेतरी अडतं. शिवाय नाराजीचा एक भाग नियमांबद्दल नाहीच. इतरांना खेळाचे नियम वापरू देणाऱ्या परवान्यावरचा जानेवारी २०२३ चा वाद आणि ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियॉन्ड या अधिकृत साइटवरच्या कॅरेक्टर शीटमधले जुने स्पेल (मंत्र) बदलून टाकण्याचा, ओरड झाल्यावर मागे घेतलेला बेत, यांचा राग खेळ काढणाऱ्या कंपनीवर आहे. टेबलावर कोणते नियम बरे, हे ठरवताना तो बाजूला ठेवावा.

शस्त्र चालवणारे

सर्वांत जास्त कौतुक वेपन मास्टरीचं, म्हणजे शस्त्रागणिक मिळणाऱ्या खास करामतीचं झालं. फायटरला पहिल्या लेव्हलला तीन, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि रोगला दोन शस्त्रांची मास्टरी मिळते. ग्रेटसोर्डचा वार चुकला तरी ग्रेझ या मास्टरीमुळे स्ट्रेंग्थ मॉडिफायरइतकं (ताकदीच्या बोनसइतकं) डॅमेज होतं, मॉलने (मोठ्या हातोड्याने) शत्रू आडवा पडू शकतो. २०१४ मध्ये 'मी मारतो' एवढंच म्हणणाऱ्या फायटरला आता दर वाराला काहीतरी निवडायला मिळतं.

तक्रार ग्रेट वेपन मास्टर या फीटवरून (पात्राला मिळणाऱ्या जादा खुबीवरून) आहे. जुन्या फीटमध्ये नेमावर ५ कमी घेऊन डॅमेजमध्ये १० वाढवता येत. नव्यात डॅमेजमध्ये फक्त प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलसोबत वाढणारा आकडा) मिळतो. 'फीट मेली' असं म्हणण्याआधी गणित करून पाहा. लेव्हल ५, स्ट्रेंग्थ १८, ग्रेटसोर्ड, समोर एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५, क्रिटिकल (जादा फाशांचे वार) सोडून दिले. जुन्या पद्धतीने वार ४० टक्के वेळा लागतो आणि २१ डॅमेज देतो, म्हणजे एका वारामागे सरासरी ८.४. नव्यात तो ६५ टक्के लागतो, १४ देतो आणि चुकल्यावर ग्रेझचे ४, सरासरी १०.५. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) असेल तर जुनं १३.४ आणि नवं १२.८. म्हणजे ओरड खरी आहे ती दर फेरीला रेकलेस (अ‍ॅडव्हान्टेजसाठी बेफिकीरपणे) मारणाऱ्या बार्बेरियनची, आणि तीही अर्ध्या पॉइंटाची. कमी झालाय तो जुगाराचा थरार, आणि तो काहींना खरंच हवा असतो.

मास्टरीची खरी किंमत वेळात मोजावी लागते. टॉपलचा (मॉलसारख्या, आडवं पाडणाऱ्या मास्टरीचा) प्रत्येक लागलेला वार म्हणजे शत्रूचा एक कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा). अ‍ॅक्शन सर्ज (पाळीत एक जादा अ‍ॅक्शन) वापरणारा लेव्हल ५ चा फायटर एका पाळीत चार सेव्ह टाकायला लावू शकतो. डीसी (सेव्हला गाठायचा आकडा: ८ + मॉडिफायर + प्रोफिशियन्सी) शीटवर आधीच लिहून ठेवला आणि वाराच्या फाशासोबतच सेव्हचा फासा टाकला तर हे आटोक्यात राहतं.

कुणाचं गेलं, कुणाला मिळालं

पॅलाडिनची तक्रार मात्र गणितात टिकते. २०१४ मध्ये स्माइटला (स्पेलचा साठा, म्हणजे स्लॉट खर्चून वाराला जादा डॅमेज जोडण्याला) अ‍ॅक्शन लागत नसे आणि प्रत्येक लागलेल्या वारावर तो करता येई. लेव्हल ५ ला दोन वार आणि दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट म्हणजे ६डी८ (सहा आठमुखी फासे), सरासरी २७. आता डिव्हाइन स्माइट हा बोनस अ‍ॅक्शनचा (पाळीतल्या छोट्या जादा कृतीचा) स्पेल झालाय: पाळीत एकदाच, म्हणजे १३.५. ऑपॉर्च्युनिटी अटॅकवर (शत्रू दूर जाताना त्याच्यावर मिळणाऱ्या वारावर) तो चालत नाही आणि शत्रूला काउंटरस्पेलने (स्पेल मोडणाऱ्या स्पेलने) अडवताही येतो. बदल्यात रोज एक स्माइट स्लॉटशिवाय मिळतो आणि ले ऑन हॅन्ड्स (स्पर्शाने बरं करणं) बोनस अ‍ॅक्शनवर आलंय. बरं करणारा पॅलाडिन फायद्यात आहे; एका पाळीत ड्रॅगन संपवणारा नाही. डीएमसाठी मात्र शेवटचा शत्रू दोन फेऱ्या टिकणं ही सोयच आहे.

रेंजरचा रोष हंटर्स मार्कवर (ठरवलेल्या शत्रूला जादा डॅमेज देणाऱ्या स्पेलवर) आहे. स्पेल फुकट मिळतो, पण कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारं लक्ष) लागतंच, त्यामुळे बाकीचे चांगले स्पेल त्याच्याशी भांडतात. आणि लेव्हल २० चं बक्षीस काय, तर मार्कचा डी६ जाऊन डी१०! मंकचं उलट: सुरुवातीचा फासा डी४ वरून डी६, बोनस अ‍ॅक्शनचा ठोसा मारायला आधी अटॅक अ‍ॅक्शन घ्यायची गरज नाही, तिसऱ्या लेव्हलपासून बाणांसोबत तलवारीचा वारही परतवता येतो. गटात मंक असेल तर त्याचं मत आधीच ठरलेलं समजा.

बॅकग्राउंडवरून (पात्राच्या पूर्वायुष्यावरून) सर्वच थोडे कुरकुरतात, कारण अ‍ॅबिलिटीची (ताकद, बुद्धी अशा गुणांची) वाढ आता तिथून मिळते. अकोलाइटला (देवळातल्या सेवकाला) इंटेलिजन्स, विस्डम आणि करिश्मा यांतच वाढ. म्हणजे देवळात वाढलेला दणकट फायटर करायचा तर नियम आड येतो. डीएमच्या पुस्तकात नवं बॅकग्राउंड बनवण्याची पद्धत दिली आहे, ती सरळ वापरावी.

पडद्यामागची बाजू

छोट्या नियमांत नवी आवृत्ती बहुतेक ठिकाणी सरस आहे. एक्झॉशनचा (थकव्याचा) सहा पायऱ्यांचा तक्ता गेला. आता प्रत्येक पातळीला डी२० च्या (वीसमुखी) फाशावर उणे २ आणि वेग ५ फूट कमी. जुन्या नियमात अचानक गाठलेल्यांची पहिली पाळीच जायची आणि कधीकधी लढाई तिथेच संपायची. आता त्यांना इनिशिएटिव्हवर (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान घेणं) आहे. क्युअर वून्ड्स हा जखमा भरणारा स्पेल १डी८ वरून २डी८. लपण्याचा नियम मात्र घोटाळ्याचा आहे: स्टेल्थच्या (लपण्याच्या) फाशावर १५ झाले की 'इनव्हिजिबल' ही कंडिशन मिळते, आणि मग लपलेला माणूस उजेडात आला तर काय, यावर टेबल पंधरा मिनिटं थांबतं. काय मानायचं ते पहिल्या सेशनआधीच ठरवा.

राक्षसांच्या बाबतीत जपून. २०१४ चा लांडगा चावला की पडू नये म्हणून डीसी ११ चा सेव्ह मिळे. नव्या लांडग्याचा चावा लागला की मध्यम आकाराचा माणूस थेट आडवा. लढाईचं बजेट मोजताना तीन ते सहा शत्रू असतील तर एक्सपी (शत्रूंचे अनुभवगुण) दुप्पट धरायचा जुना गुणकही गेला. त्यामुळे पहिल्या लेव्हलच्या जुन्या कॅरेक्टरवर नव्या पुस्तकातले चार लांडगे सोडले, तर बजेटमध्ये बसणारी लढाईही सगळ्यांना मारू शकते. उलट, नवी कॅरेक्टर आणि जुने राक्षस घेतले तर लढाया मिळमिळीत होतात. खेळाडूंची आणि राक्षसांची पुस्तकं एकाच वर्षाची ठेवा.

एकाच गटात जुनी आणि नवी कॅरेक्टर चालतात, पण वैताग होतो: एकाचा ग्रॅपल (शत्रूला पकडणं) अ‍ॅथलेटिक्सच्या चुरशीने, दुसऱ्याचा सेव्हने. कॅरेक्टर जुनी राहिली तरी ग्रॅपल, सरप्राइज (अचानक गाठणं), एक्झॉशन आणि स्पेल यांचे नियम सर्वांना एकच हवेत.

आता निर्णय. कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) लेव्हल ८-१० च्या पुढे असेल आणि गटात स्माइटवर जगणारा पॅलाडिन किंवा आठ प्राणी बोलावणारा ड्रुइड असेल, तर २०१४ वरच संपवा; हवे तर एक्झॉशन आणि औषधाची बाटली बोनस अ‍ॅक्शनवर पिणं एवढंच उचला. नवं कॅम्पेन असेल किंवा गट लेव्हल ४ च्या आत असेल, तर २०२४ घ्या. मधल्यांनी एक कथानक संपून विश्रांती मिळेल तिथे बदलावं. तेव्हा जुन्या वंशाची अ‍ॅबिलिटी वाढ काढायची, त्याऐवजी एकात २ आणि दुसऱ्यात १ द्यायची, एक ओरिजिन फीट (सुरुवातीची फीट) द्यायची. पहिल्या किंवा दुसऱ्या लेव्हलला सुरू होणारा जुना सबक्लास (क्लासची उपशाखा) तिसऱ्या लेव्हलपासून धरायचा. हाफ-एल्फ हा वंश नव्या पुस्तकात नाही म्हणून कुणाचं पात्र बदलायला लावू नका. जुना हाफ-एल्फ याच पद्धतीने नव्या नियमांत बसतो.

पुस्तकं घेण्याची घाई नको. दोन्ही नियमांचे गाभे, एसआरडी ५.१ आणि ५.२, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. ५.२ वरून लेव्हल ५ ची चार कॅरेक्टर करा, एकच लढाई खेळा आणि घड्याळ लावून पाहा: फायटरची पाळी किती चालली, आणि त्या वेळात डीएमने किती फासे टाकले.