सहा इंचाचं तोंड

झाडांच्या फांद्या उतरवणं हा माझा धंदा. पुण्यातल्या सोसायट्या, बंगले, एखादी शाळा. उद्यान विभागाची परवानगी हातात पडली की मे महिन्यात जेवायलाही फुरसत नसते. फांदी कापणं हे अर्धंच काम, खरा खर्च ती हलवण्यात. छोटा हत्ती गुलमोहराच्या फांद्यांनी शिगोशीग भरलेला दिसतो, पण आत निम्म्याहून जास्त हवाच. एका पर्जन्यवृक्षाला चार-चार खेपा. म्हणून चिपर, म्हणजे फांद्यांची जागेवरच कुट्टी करणारं मशीन, घ्यायचं ठरवलं.

मोबाईलवर परराज्यातल्या एका कारखान्याची जाहिरात दिसली. १५ एचपी, ६ इंच, किंमत १,३५,०००. बाकीची कोटेशनं दुप्पट होती. शंका यायला हवी होती, मला आनंद झाला! व्हिडिओत एक पोरगा मनगटाएवढ्या फांद्या आत सोडतोय, पलीकडून कुट्टी उडतेय. पंधरा वर्षं झाडांत काढलेल्या माणसानं ते लाकूड तरी नीट बघावं की नाही? ताजा ओला सुबाभूळ, डहाळ्या साफ केलेल्या, सरळसोट काठ्या. आमच्या कामात असल्या फांद्या येतात कुठे?

७०,००० ॲडव्हान्स दिले. उरलेले द्यायच्या आधी येऊन चालवून बघतो म्हटलं, तर "सेठ, गाडी खड़ी है, आज पेमेंट करोगे तो आज ही निकलेगी." हंगाम तोंडावर आलेला. भरले.

पहिल्याच दिवशी कडुनिंबाची वाळकी दोन इंची फांदी घातली आणि इंजिन बंद पडलं. बेल्टचा जळका वास. नारळाच्या झावळीनं तर ड्रमभोवती दोरच वळला, तो कापून काढण्यात दुपार गेली.

ओळखीच्या गॅरेजवाल्या मामांनी इंजिनवरचा '१५ एचपी'चा स्टिकर नखानं सोलला. खाली कोरलेलं होतं १७०एफ. म्हणजे ७० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), २१२ सीसी, फार तर ७ एचपी. पंधराच्या आसपासचं इंजिन १९०एफ असतं, ४२० सीसीचं. मग मामांनी पात्यावर कानस फिरवली. पाणी देऊन कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते. इथे ती मजेत कीस पाडत गेली.

आणि ६ इंच? फोनवर उत्तर आलं, "वो तो मुँह का साइज है." कोटेशन काढून पाहिलं. 'इनलेट ६ इंच' असंच लिहिलेलं. फांदी ६ इंच हे मीच वाचलं होतं.

पैशांपेक्षा मला घाबरवलं ते फांदी आत घालायच्या नरसाळ्यानं. इतकं आखूड, की कोपरापर्यंत हात घातला की बोटं थेट पात्यांवर. चांगल्या मशीनचं नरसाळं हाताच्या लांबीहून लांब ठेवतात, फांदी आत ओढणारे रोलर असतील तर ते थांबवायचा दांडा हाताशी असतो. माझा हेल्पर एकोणीस वर्षांचा आहे. त्या संध्याकाळी मी स्पार्क प्लगच काढून घरी नेला.

बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. ह्याचे आकडे पत्त्यातल्या राज्याचेही नव्हते. दोन मिनिटांचं काम, पण मी ते पैसे गेल्यावर केलं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यातून काही निघालं नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. वकिलांनी वेगळं सांगितलं: २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू धरली जाते, तक्रार आपल्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. केली आहे. तारखा पडतायत.

सध्या गरज पडली की ट्रॅक्टरवर चालणारा चिपर भाड्यानं आणतो. नवं मशीन बघायला जाताना गाडीत वाळकी बाभूळ, दोन झावळ्या आणि मामांची कानस असते. परवा एका दुकानदारानं कानस पाहिली आणि म्हणाला, डेमोचं मशीन आजच बाहेर गेलंय.