दर सोमवारी तीन हजार : आठ महिन्यांचा अनुभव

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार वर तर कधी पार खाली नेणारा आजार. औषधं घेतेस ना, हे सगळे विचारतात. पैशांचं कसं चाललंय, हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहितेय.

गेल्या दिवाळीआधी तीन आठवडे मला धड झोप नव्हती. एका संध्याकाळी ठाण्यातल्या राम मारुती रोडवरून मी सहा साड्या घेतल्या, ओळखीतल्या बायकांना वाटायला. ती उधळपट्टी वाटलीच नाही, उलट आपलं मन किती मोठं असं वाटत होतं. डिसेंबरात मन पार खाली गेलं. लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, क्रेडिट कार्डाचं बिल, सगळं न उघडता फ्रिजवर पडून राहिलं.

फेब्रुवारीत, डोकं शांत असताना, धाकट्या बहिणीला शेजारी बसवून व्यवस्था लावली. पगाराचं खातं कुठल्याच यूपीआय अ‍ॅपला जोडलेलं नाही. घराचा हप्ता आणि बिलं त्यातून आपोआप जातात. दुसऱ्या खात्यात दर सोमवारी तीन हजार येतात, भाजी-रिक्षा-किराणा त्यातच. डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद ठेवलेत.

क्रेडिट कार्ड बंद करताना मात्र दमछाक झाली. कस्टमर केअरवाले नवनव्या ऑफर देत राहिले. थकबाकी नसेल तर अर्जानंतर कामाच्या ७ दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम मेलमध्ये लिहिला, तेव्हा कुठे बंद झालं. तुमच्यावर ही वेळ आली तर फोनवर वाद घालू नका, लेखी द्या.

खरी परीक्षा जुलैत झाली. रात्री दोन वाजता मी सोळा हजारांचं शिलाई मशीन घ्यायला निघाले होते. खात्यात ६४० रुपये. पेमेंट फेल. पुन्हा केलं, पुन्हा फेल. इतका संताप आला की बहिणीला फोन लावून ओरडले, आणि मग रडले. सकाळी तिनेच डॉक्टरांची वेळ घेतली. डोस बदलला. मशीन आलं नाही, आणि हप्ताही चुकला नाही.

उणिवा आहेत. दाढ दुखायला लागली तेव्हा तीन हजारांत काही होईना, पैसे काढायला बहिणीची वाट पाहावी लागली. आता औषधपाण्याचे पाच हजार वेगळे, स्टीलच्या डब्यात, तिच्या घरी नौपाड्यात असतात. लिथियम या माझ्या औषधाची रक्तातली लेव्हल, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीसाठी) या तपासण्यांचे पैसेही त्यातच, कारण बरं वाटायला लागलं की मी नेमक्या त्याच टाळते. आणि बहिणीवर भार पडतो, हे मला डाचतं. तिच्याशी ते बोलून झालंय, तरी डाचतं.

एक गोष्ट मात्र ठरवून केली नव्हती. हल्ली डॉक्टरांकडे जाताना मी महिन्याचं स्टेटमेंट आणि यूपीआयची हिस्टरीही नेते. झोप कमी झालीय हे मला कळायच्या आधी तिथं दिसतं: रात्री एकनंतरचे छोटे-छोटे व्यवहार, एकाखाली एक.