मॉल की कट्टा: मुंबईतील किशोरांची दोन ठिकाणे

लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला मॉल आणि दादरच्या शिवाजी पार्काचा कट्टा, या दोन्ही ठिकाणी किशोरवयीन मुले भेटतात. मॉलमध्ये ऊन-पाऊस लागत नाही, स्वच्छतागृह मिळते आणि मुलींना अंधार पडल्यावरही निर्धास्त बसता येते. ही शेवटची बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण अनेक घरांतून परवानगी याच अटीवर मिळते. मात्र खिशात पैसे नसलेला मित्र तिथल्या गटातून हळूहळू गळतो, याचे वाईट वाटते. १९२५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर बसायला काहीच मोजावे लागत नाही, शिवाय शेजारी फिरायला आलेले आजोबा आणि क्रिकेट खेळून दमलेली मुलेही असतात. पावसाळ्यात तो ओस पडतो. तरीही दहावीनंतर निरनिराळ्या कॉलेजांत विखुरलेल्या मित्रांना मी कट्टाच सुचवेन.