‘सायलेन्सर कंप्लीट’

हे लिहायला उशीर झाला, कारण आधी लाज वाटत होती. गाड्यांतलं कळतं म्हणून मित्र मला सोबत घेऊन जुन्या गाड्या बघायला जातात. आणि मलाच भर दुपारी, गाडीपासून पंधरा फुटांवर खुर्चीत बसवून, चहा पाजून मामा बनवलं.

गाडी २००८ सालची मारुती जिप्सी. १.३ लिटरचं एमपीएफआय इंजिन, चारी चाकांना पाटे, वर कापडी हूड. मूळ पुण्याची, मी दुसरा मालक. २०२३ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पाच हजार फी भरून, आरटीओच्या चकरा मारून पुन्हा पासिंग करून घेतलं, तेव्हाच घरचे म्हणाले होते की विकून टाक. पण आमचं गाव चिपळूणच्या अलीकडे, कराडहून कुंभार्ली घाट उतरून जायचं, आणि घराकडचा शेवटचा चढ पावसाळ्यात फोर-लो, म्हणजे चारी चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकल्याशिवाय निघत नाही. त्या चढावर नव्या चकचकीत गाड्यांना मी ढकललंय. असो.

गेल्या वर्षी पाऊस संपता संपता खालून आवाज यायला लागला. सकाळी इंजिन थंड असताना फट्-फट्, तापलं की कमी. इंजिनचा धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप जिथे जुळतात तिथलं पॅकिंग गेलं की असंच होतं. लोखंड तापून फुगतं आणि फट थोडी बुजते. पाचशे-सातशे रुपयांचं काम. हे मला माहीत होतं, आणि हेच जास्त झोंबतं.

आमचा नेहमीचा मिस्त्री लग्नाला गेला होता. मला चार दिवस धीर धरवला नाही. महामार्गालगत एक गॅरेज आहे, ‘फोर बाय फोर स्पेशालिस्ट’ अशी भली मोठी पाटी, बाहेर तीन-चार थार, भिंतीवर चिखलात रुतलेल्या गाड्यांचे फोटो. नाव लिहीत नाही. माझ्याकडे त्याच्याविरुद्ध धड कागद नाही, का ते पुढे येईलच.

मालकाने गाडी खड्ड्यावर घेतली आणि सगळ्यात आधी सायलेन्सरच्या मागच्या डब्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. तो आरपार गेला, आतून गंजाचा चुरा पडला. मागचा डबा खरंच सडला होता, हे कबूल करतो. गाडी जवळच्या जवळ फिरली की डब्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही आणि पत्रा आतून कुजतो. पण त्या एका भोकाने माझी सगळी शंका संपली. मग तो म्हणाला, “साहेब, पूर्ण लाइनच गेलीय. कॅट-कॉनपण चोक. घाटात पिकअप कमी वाटतो ना?” कॅट-कॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या लाइनमधला धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा.

आता सोळा वर्षांच्या तेराशे सीसी गाडीला कुंभार्लीत पिकअप कमी वाटणारच. कुडमुड्या जोशी दारात येऊन “घरात कुणाचं तरी दुखणं आहे” म्हणतो, त्यातला हा प्रकार. मी मान डोलावली.

आतून त्याने एक खोकं आणलं. कंपनीचं, होलोग्राम लावलेलं, एका कोपऱ्यावर फाटलेलं. “ओरिजिनल माल आहे, लोकल आपण वापरतच नाही.” मला लेबल दाखवलं आणि खोकं परत आत नेलं. ते उघडलेलं मी पाहिलं नाही. मग खुर्ची आली, चहा आला, गप्पा सुरू झाल्या. कुठल्या ट्रेलला गेलात, टायर कुठले. दोन तासांनी गाडी तयार. एकवीस हजार. कागद म्हणून डायरीचं एक पान मिळालं, त्यावर ‘सायलेन्सर कंप्लीट’ आणि आकडा. पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. पक्क्या बिलावर टॅक्स लागेल म्हणाला, मीच म्हटलं राहू दे. जुने पार्ट विचारले तर, “भंगारात टाकले साहेब, तुम्ही कुठे घेऊन बसता?” मला तो उपकारच वाटला.

घरी येईपर्यंत रंग जळाल्याचा वास. तो नव्या सायलेन्सरला येतो थोडा, म्हणून दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी हात लावला तर चंदेरी रंग बोटांना आला.

त्या महिन्यात आईला घेऊन दोनदा गावी गेलो. ती मागच्या आडव्या सीटवर बसते, पाय पसरता येतात म्हणून. दोन्ही वेळा घाटाजवळचं हेळवाक गाव सोडेपर्यंत तिचं डोकं जड झालं. आम्ही म्हटलं, घाट लागतोय. तीस वर्षं ती बाई एसटीने हा घाट करतेय, तिला कधी घाट लागला नाही. “जरा थांबव रे, मळमळतंय,” म्हणाली तेव्हा मी तिला लिंबाची गोळी दिली. मागचं कापड गुंडाळून वर बांधलेलं होतं, मोकळी हवा मिळावी म्हणून. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि मागून सुटलेला धूर तीच आत ओढते, हे मला पुस्तकी माहीत होतं. पण नव्या सायलेन्सरवर संशय कोण घेणार?

डिसेंबरमध्ये पीयूसी संपली. ह्या जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी काढावी लागते. गाडी न बघता सर्टिफिकेट हातात ठेवणारे आहेत, पण हा पोरगा तसला नव्हता. नळी घातली, इंजिन तापू दिलं, दोनदा मोजलं. “काका, नापास. सीओ १.९.” सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, धुरातला विषारी वायू. मर्यादा अर्धा टक्का. आधीची चिठ्ठी डॅशबोर्डच्या कप्प्यातच होती, तिच्यावर ०.१८. म्हणजे सडका, फाटका सायलेन्सर असताना गाडी पास आणि एकवीस हजार घातल्यावर नापास!

तिथून थेट आमच्या मिस्त्रीकडे. त्याने काही विचारलं नाही. खाली सरकला आणि पान्याच्या मागच्या टोकाने कॅट-कॉनवर दोनदा मारलं. टण्, टण्. रिकाम्या हंड्यावर मारल्यासारखा आवाज. “दादा, ह्याच्या पोटात कायबी न्हाई.”

उतरवून दाखवलं. एका बाजूने टॉर्च धरला तर दुसऱ्या बाजूने सरळ उजेड. खऱ्या कॅट-कॉनमध्ये सिरॅमिकचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं असतं, बारीक बारीक चौकोनी भोकांचं. त्याच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा पातळ थर. काही ग्रॅमच, पण भंगारवाला किलोवर घेतो तो लोखंडाचा भाव ह्याला नसतो. २०२१ साली रोडियम सोन्याच्या दहापटीहून महाग होतं. मध्यंतरी ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीत गायब व्हायच्या बातम्या येत होत्या, त्या ह्याच्याचसाठी. आतली ‘माती’ काढून विकतात. चोराला निदान रात्री गाडीखाली शिरावं लागतं. मी स्वतः गाडी नेऊन खड्ड्यावर उभी केली आणि वर पैसे दिले.

“पण इंजिनचा दिवा कसा लागला नाही?” मी विचारलं. कारण साधं आहे. नंतरच्या गाड्यांत कॅट-कॉनच्या मागच्या बाजूला आणखी एक ऑक्सिजन सेन्सर आला, तो कॅट-कॉन काम करतोय की नाही ह्यावर लक्ष ठेवतो. माझ्या गाडीत तो दुसरा सेन्सर नाहीच. डबा भरलेला असो की रिकामा, कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पेट्रोल गाड्या ह्या लोकांना आवडतात त्या म्हणूनच. मालक हौशी, जुन्या गाडीवर खर्च करायला तयार, आणि गाडी चुगली करत नाही.

अजून होतं. जे पॅकिंग बदलायला मी गेलो होतो ते बदललंच नव्हतं! जुन्यावरच सिलिकॉन थापलेलं, ते जळून गेलेलं. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पहिल्या सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. सीओ वाढला त्यात ह्याचाही वाटा, आणि अकराचं ॲव्हरेज साडेआठवर आलं तेही ह्यातूनच. मधला पाइप पातळ पत्र्याचा, चेसीच्या दांड्याच्या खाली लोंबणारा. गावच्या चढावर दगडाला घासून चपटा झाला होता. रबरी हँगर दोन ठिकाणी होते, तिसऱ्या जागी बाइंडिंग वायर. आणि उष्णता अडवणारा पत्रा तर लावलाच नव्हता. दिवाळीनंतर आमच्याकडे कंबरभर वाळलं गवत असतं, त्यात मी गाडी उभी करत होतो. मागच्या डब्याच्या शेजारचा सांधा वेल्डिंग न भरता सोडलेला, तिथे काजळी. आईची जागा बरोबर त्याच्या वर. मी मिस्त्रीला ते परत एकदा बघायला लावलं. का कोण जाणे.

मिस्त्री म्हणाला, चोक झालेला कॅट-कॉन असा तोंडाने सांगता येत नाही. सेन्सर काढून त्या भोकाला गेज लावायचं, मागे किती दाब येतो ते दिसतं. दहा मिनिटांचं काम. तुम्हाला कुणी ‘चोक’ म्हणालं तर गेज लावायला सांगा. चेहरा बघण्यासारखा होतो. गाडी आत जाण्याआधी खाली वाकून फोटो काढा, कॅट-कॉनवर खिळ्याने एक खूण करा. जुना माल तुमचा आहे, तो दर ठरवतानाच मागा, काम झाल्यावर नाही. आणि नवा कॅट-कॉन बसवण्याआधी हातात घेऊन आरपार बघा. जाळं दिसलं पाहिजे.

मी परत गेलो. डायरीचं पान पुढे केलं. मालक शांत. “साहेब, ह्यावर कॅट-कॉन कुठे लिहिलाय?” खरंच नव्हता लिहिलेला. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीही नाही, १९१५ ह्या हेल्पलाइनवर नीट बोलतात, हे सगळं मी चौकशी करून बसलो होतो. पण दाखवायला काय होतं? पैसे रोख दिलेले. शेवटी बरीच बाचाबाची झाल्यावर त्याने चार हजार टेबलावर टाकले, “संबंध राहावेत म्हणून”. मी घेतले. घ्यायला नको होते असं बायको म्हणते.

आता नवा कॅट-कॉन, पॅकिंग, पाइप, पत्रा, सगळं धरून आणखी सव्वीस हजार गेले. पक्क्या बिलावर. पीयूसीत सीओ ०.२ आला. आई अजून मागे बसायला नाही म्हणते, पुढेच बसते.

चार हजार खिशात घालून मी त्या गॅरेजमधून निघत होतो तेव्हा खड्ड्यावर एक हिरवी जिप्सी होती, कोल्हापूर पासिंगची. मालक पोरगेलासा, त्याच खुर्चीत, हातात चहा. आणि आतला माणूस त्याला खोकं दाखवत होता. तेच खोकं, कोपरा तिथेच फाटलेला. मी त्या पोराला काही बोललो नाही. सरळ बाहेर आलो आणि गाडी चालू केली.