जुळे सोलापूर ते अशोक चौक: सायकलची वाट आणि बीराउटर

मुलगी यंदापासून कॉलेजला रोड सायकलने जाते. घर जुळे सोलापुरात, कॉलेज अशोक चौकात. स्कूटरवर माझा सवयीचा रस्ता विजापूर रोडने सात रस्ता आणि तिथून पुढं. पण पातळ टायरच्या सायकलवर तिला तो रस्ता सांगायला जीभ उचलेना. सात बाजूंनी वाहनं येणारा चौक, त्यात रिक्षा, सिटी बस, आणि गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत रस्त्यावर. तेव्हा वाट शोधायला मी बीराउटर वापरायला घेतलं. सोलापुरात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा वापरून बघावं असं माझं मत आहे.

हे संकेतस्थळ फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही. त्यामागचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेला. सुरुवात आणि शेवट दाखवला की मार्ग, अंतर आणि चढ-उताराचा आलेख समोर येतो. खरं बळ आहे ते 'प्रोफाइल'मध्ये. प्रत्येक प्रकारच्या रस्त्याला ते एक भार लावतं, महामार्गाला जास्त आणि वस्तीतल्या रस्त्याला कमी, आणि एकूण भार सगळ्यात कमी पडेल ती वाट काढतं. रोड सायकलसाठीच्या प्रोफाइलांत एक वेगाचं आहे आणि एक कमी रहदारीचं. आपल्या गावात कमी रहदारीचंच निवडा.

पुण्याहून हैदराबादला जाणारा 65 आणि विजापूरकडे जाणारा 52 असे दोन महामार्ग सोलापूरला येऊन मिळतात, त्यामुळे कुठल्या रस्त्याला किती भार हे इथं फार महत्त्वाचं. तरी एक अडचण कुठल्याच प्रोफाइलनं सुटत नाही, ती म्हणजे रेल्वे. रुळांनी दक्षिणेचा भाग तोडलाय आणि पार व्हायच्या जागा मोजक्याच. मार्गाची रेघ वस्त्यांमधून कितीही फिरवली तरी शेवटी पुलावर यावंच लागतं. आम्ही आसरा पूल धरला. तिथं कडेला चिकटून जायचं नाही, लेनमध्ये ठाम राहायचं, म्हणजे मागचा घासून ओव्हरटेक करत नाही. हे मी तिला स्वतः सोबत चालवून शिकवलं.

मला सगळ्यात आवडलं ते 'नो-गो'. नकाशावर एक वर्तुळ काढायचं, मार्ग त्याला वळसा घालतो. सात रस्त्याभोवती वर्तुळ काढलं तसा मार्ग गुरुनानक चौकाच्या बाजूनं निघाला. अंतर थोडं वाढलं, पण माझ्या मनावरचं ओझं उतरलं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदान आणि सिद्धेश्वर मंदिराचा परिसरही असाच वगळता येतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत त्या बाजूला सायकल घालणं कुणाच्याच हिताचं नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. बीराउटरला रस्त्याचा प्रकार कळतो, गर्दी कळत नाही. सकाळी सातची शांत गल्ली शाळा सुटताना रिक्षांनी भरते, ते त्याच्या हिशेबात येत नाही. आपल्याकडे बऱ्याच रस्त्यांच्या पृष्ठभागाची नोंदही ओपनस्ट्रीटमॅपवर झालेली नसते, आणि 28 मिलिमीटरच्या टायरला डांबर की खडी हाच खरा प्रश्न असतो. ती नोंद आपल्याला स्वतः करता येते आणि पुढं बीराउटरच्या मार्गात उतरतेही. आमच्या वाटेवरच्या गल्ल्यांची मी केली. तुमच्या भागातली तुम्ही केली तर पुढच्याच्या कामाला येईल.

काही जण स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवायच्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून जास्त जातात ते दाखवणारा नकाशा, बघून रस्ता ठरवतात. सोबतीला तो चांगला आहे, पण त्यात झळकणारे रस्ते म्हणजे सायकलवाले जातात ते रस्ते. पहाटे मोकळा असलेला रुंद रस्ता तिथं ठळक दिसेल, दहा वाजता त्याच रस्त्याची काय गत असते ते दिसणार नाही.

आणि येतानाची वाट वेगळी आखा, जातानाचीच उलटी करू नका. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून मोठ्या चौकात डावं वळण सोपं आणि उजवं धोक्याचं. जाताना जिथं डावीकडं वळलो तिथंच येताना उजवीकडं वळावं लागतं. आम्ही दोन्ही मार्गांच्या फाईली वेगळ्या करून फोनमध्ये ठेवल्यात, आणि रविवारी सकाळी दोघांनी सावकाश चालवून बघितल्यावरच त्या पक्क्या केल्या.