‘जुन्या बोर्डावर नवी हार्डडिस्क चालत नाही’ असं सांगून माझे दहा हजार चारशे रुपये घेतले

जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला नेल्यावर ‘काका, या बोर्डावर आताची हार्डडिस्क चालत नाही’ असं कुणी म्हणालं, तर पुढचं काहीही ऐकण्याआधी विचारा: का चालत नाही? नेमकं काय आडवं येतंय? हे एक वाक्य ऐकवून एका दुकानदाराने माझ्याकडून दहा हजार चारशे रुपये घेतले. तक्रार दाखल केली आहे, म्हणून दुकानाचं नाव इथे घेत नाही. पण ज्यांच्या छापखान्यात, दवाखान्यात, पतसंस्थेत जुनी मशीन अजून रोजच्या कामात आहेत, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

माझा डीटीपीचा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, एखादा दिवाळी अंक. दोन मशीन २००५ मध्ये एकदमच घेतलेली, दोन्ही सारखी: पेंटियम ४, व्हीआयए कंपनीच्या चिपसेटचा बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड), साटा जोडणीची ८० जीबीची हार्डडिस्क, विंडोज एक्सपी. ‘अहो, अजून तेच वापरता?’ असं लोक विचारतात. पेजमेकरमध्ये केलेल्या वीस वर्षांच्या फायली आहेत, त्या युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये आहेत, आणि त्या फॉण्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ज्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती किल्लीसारखी डबी) प्रिंटर पोर्टला लागतं. दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की ओळी तुटतात, रफार भलतीकडे जातो. गिऱ्हाईक गेल्या वर्षीच्याच पत्रिकेत फक्त नावं बदलून मागतं, तेव्हा ती फाईल जशीच्या तशी उघडावी लागते. मशीन जुनी आहेत म्हणून ती टाकाऊ होत नाहीत.

ऐन लग्नसराईत एका मशीनची डिस्क टक् टक् वाजायला लागली. फाईल कॉपी करायला घेतली की मध्येच अडकायची. मशीन दुकानात नेलं. दुकानदाराने ऐकून सांगितलं, डिस्क जाणार, ५०० जीबीची नवीन टाकू, २,४०० रुपये. हे निदान बरोबर होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला: ‘काका, नवीन डिस्क बोर्डला दिसतच नाही. बोर्ड आउटडेटेड झालाय, हा नवीन डिस्क सपोर्ट करत नाही.’ मी दुकानात गेलो. त्याने माझ्यासमोर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारी बोर्डाची सेटिंगची स्क्रीन, उघडून दाखवलं. खरंच, डिस्कच्या जागी काहीच नव्हतं. जुनी डिस्क लावली की दिसायची, नवी लावली की नाही. डोळ्यांनी बघितल्यावर माणूस काय वाद घालणार? बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम मिळून ५,५०० सांगितले. बोर्ड बदलल्यावर एक्सपी निळा स्क्रीन देऊ लागलं, म्हणून फॉरमॅट आणि ‘डेटा रिकव्हरी’चे १,८००. नव्या बोर्डाला मागे प्रिंटर पोर्ट नव्हता, म्हणून तो पोर्ट देणाऱ्या, बोर्डात खोचायच्या पीसीआय कार्डाचे ७००. माझा बोर्ड आणि जुनी डिस्क ‘बायबॅक’ म्हणून त्याने ठेवून घेतली. त्याचे पैसे बिलात वळते केल्याचं म्हणाला, पण बिल म्हणजे कागदाच्या चिटोऱ्यावर मारलेली बेरीज होती.

कार्डावर डोंगल चाललंच नाही. ‘ते तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा,’ म्हणून त्याने हात वर केले. तोवर सगळं काम दुसऱ्या मशीनवर चालू होतं. पुढे तिचीही डिस्क कुरकुरायला लागली, आणि तिथे हा सगळा प्रकार उघडा पडला.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा पॉलिटेक्निकला असल्यापासून हार्डवेअरची कामं करतो. त्याला बोलावलं. त्याने आधी दुकानातून आलेली ती ५०० जीबीची डिस्क पहिल्या मशीनमधून काढली आणि दुसऱ्या, जुन्या बोर्डाच्या मशीनला लावली. बायोसमध्ये दिसेना. मी म्हटलं, बघ, दुकानदार खोटं बोलत नव्हता. तो म्हणाला, ‘मामा, थांबा जरा.’ त्याने बोर्डवरच्या मोठ्या चिपवरची धूळ पुसली आणि बॅटरीने नंबर वाचला: व्हीटी८२३७आर. मग डिस्कची मागची बाजू माझ्यासमोर धरली. साटाच्या दोन जोडणींच्या शेजारी बारीक पिना होत्या आणि लेबलवर त्यांचं छोटं चित्र. त्या चित्रात ‘१.५ जीबी’ असं लिहिलेल्या जोडीवर त्याने तांदळाच्या दाण्याएवढा एक जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, बसवला. मशीन चालू केलं. डिस्कचं नाव आणि ५०० जीबी, दोन्ही आलं.

कारण साधं आहे. पहिल्या पिढीचा साटा सेकंदाला १.५ गिगाबिट वेगाचा, पुढचा ३ गिगाबिटचा. दोन्हीकडची चिप आपापसात बोलून वेग ठरवते आणि नवी डिस्क जुन्या वेगावर उतरते, अशीच योजना आहे. पण व्हीआयएच्या व्हीटी८२३७ आणि व्हीटी८२३७आर, एसआयएसची ९६४ अशा काही चिपना ३ गिगाबिटच्या डिस्कशी हे बोलणंच जमत नाही, त्यामुळे डिस्क दिसत नाही. त्या काळातल्या डिस्क बनवणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून तर वेग १.५ वर बांधणारा जम्पर दिलेला असायचा. जम्परची जागा कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून लेबल वाचूनच लावायचा. चुकीच्या जोडीवर लावला तर डिस्क फिरणारच नाही, असंही होऊ शकतं. जुन्या भंगार डिस्कवरून असे जम्पर फुकट निघतात. फुकटच्या त्या तुकड्याऐवजी मला ५,५०० रुपयांचा बोर्ड विकला गेला.

हे सविस्तर लिहितोय, कारण ‘सपोर्ट करत नाही’ या बोलण्यात थोडं खरं असतं आणि फसवणूक त्या खऱ्याच्या आडूनच होते. मर्यादा खरोखर असतात, पण प्रत्येकीला आकडा असतो. साटाच्या आधीच्या आयडीई जोडणीच्या जमान्यात काही बायोस ८.४ जीबीपुढे, काही ३३.८ जीबीपुढे जात नसत. त्यानंतर १३७ जीबीची भिंत आली, कारण सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या एकेका कप्प्याचा, पत्ता २८ बिटांत लिहिला जायचा. ४८ बिटांचा पत्ता आल्यावर ती गेली. एक्सपीला त्यासाठी किमान सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) लागतो. तो नसेल तर ५०० जीबीची डिस्क १२८च्या आसपास दिसते, आणि डिस्क खराब असल्याचं सांगून दुसरी गळ्यात मारता येते. त्यापुढची मर्यादा २.२ टीबीची, डिस्कचे भाग पाडण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची. माझी डिस्क ५०० जीबीची होती, एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३ होता, म्हणजे यातली एकही मर्यादा माझ्या आड येत नव्हती. दुकानदाराला ‘कुठली मर्यादा?’ असं विचारलं असतं तर त्याला यातला एक आकडा सांगावा लागला असता, आणि तो खोटा पडला असता.

निळ्या स्क्रीनचंही असंच. शेवटी ७बी असलेला तो एररचा आकडा म्हणजे विंडोजला सुरू होण्याची डिस्क सापडत नाहीये. बोर्ड बदलला की डिस्क कंट्रोलर बदलतो आणि एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. बायोसमध्ये साटा एएचसीआय या नव्या मोडवर असेल तर तो जुन्या आयडीई मोडवर आणून बघायचं, नाहीतर एक्सपीच्या सीडीवरून रिपेअर इन्स्टॉल करायचं. यात फायलींना धक्का लागत नाही. माझ्या फायली जुन्या डिस्कवर जागच्या जागी होत्या, त्याने त्या नुसत्या कॉपी केल्या आणि रिकव्हरी म्हणून १,८०० लावले. प्रिंटर पोर्टचं तर ऐकूनच संताप आला. त्याने विकलेल्या बोर्डवर ‘एलपीटी’ असं छापलेल्या पिनांच्या दोन रांगा होत्या, त्यांना पट्टीची केबल लावली की मागे पोर्ट येतो. पीसीआय कार्डाला वेगळा पत्ता मिळतो आणि जुनी डोंगलं ठरलेल्या जुन्या पत्त्यावरच शोध घेतात, म्हणून ते चाललं नव्हतं. भाच्याने केबल लावली आणि सॉफ्टवेअर लगेच उघडलं.

आता त्या ‘नवीन’ डिस्कबद्दल. भाच्याने ती यूएसबीच्या अडॅप्टरने लॅपटॉपला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. डिस्क स्वतःचा हिशेब स्वतः ठेवते, तो त्यात दिसतो. चालू असल्याचे तास: ३१,४०० च्या वर. म्हणजे साडेतीन वर्षं अखंड फिरलेली. आणि चालू-बंद किती वेळा? साठेक. रोज सकाळी लावून रात्री बंद होणाऱ्या मशीनमधल्या डिस्कला एवढ्या तासांत हजारो वेळा चालू-बंद व्हावं लागतं. तास प्रचंड आणि चालू-बंद नगण्य, हे लक्षण अखंड चालणाऱ्या यंत्राचं. भाच्याच्या मते ती सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून (डीव्हीआर) काढलेली. मग आम्ही ती उजेडात नीट पाहिली. स्क्रूच्या भोकांच्या कडांना गोल चरे पडलेले. साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर खाचा. लेबलवर तयार झाल्याची तारीख २०१० मधली. खराब झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांचा आकडाही शून्य नव्हता. अशा डिस्कवर माझ्या वीस वर्षांच्या फायली ठेवल्या होत्या!

हे तास पुसून शून्य करणारेही बाजारात आहेत, तेव्हा शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीत हेच मोठ्या प्रमाणावर उघडकीला आलं: वापरलेल्या सीगेटच्या डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. त्या मॉडेलांत फार्म नावाची आणखी एक आतली नोंद असते, तिच्यात खरे तास शिल्लक होते, म्हणून ते पकडलं गेलं. जुन्या डिस्कमध्ये ती सोय नाही. तिथे स्क्रूची भोकं, जोडणीवरच्या खाचा आणि लेबलवरची तारीखच बघायची, आणि सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी संपली ते तपासायचं. हे सगळं पैसे देण्याआधी, काउंटरवर उभं राहून करा. जुन्या मशीनसाठी वापरलेली डिस्क घ्यायला माझी हरकत नाही, कधी कधी तीच मिळते. पण मग ती वापरलेली म्हणून सांगा आणि त्या भावात द्या.

आम्ही दोघं दुकानात गेलो. स्क्रीनचा फोटो दाखवल्यावर दुकानदार आधी म्हणाला, ‘सॉफ्टवेअर काहीही दाखवतं.’ भाच्याने जम्परचं विचारलं तेव्हा तो गप्प झाला. शेवटी डिस्कचे २,४०० परत केले. बोर्डाचं नाव काढू देईना, आणि पक्कं बिल मागितलं तर ‘त्यावर जीएसटी लागेल’ म्हणाला. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना समजलं. चिटोऱ्याचा फोटो, यूपीआयची नोंद आणि ‘बोर्ड सपोर्ट करत नाही’ हा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज, एवढं माझ्याकडे आहे. त्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ‘तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक होत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका: स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने वगळलेली नाही.

बोर्डाचे पैसे मिळतील तेव्हा मिळतील. माझा जीव अडकलाय तो त्या ८० जीबीच्या डिस्कमध्ये. ती मी परत मागितली, तर ‘भंगारात गेली’ एवढंच उत्तर मिळालं. तिच्यावर सोसायट्यांच्या सभासद याद्या आहेत, ओळखपत्रांसाठी आलेले शाळेतल्या मुलांचे फोटो आणि पत्ते आहेत, लोकांचे आधारचे स्कॅन आहेत. ती वाजत होती, पण वाचता येत होती. डिस्क परत मिळावी किंवा ती नष्ट केल्याचं लेखी मिळावं, अशी मागणी मी अर्जात घातली आहे, आणि ज्यांची माहिती तिच्यावर होती त्या शाळांना आणि सोसायट्यांना एकेक करून फोन करतो आहे.